ङ ने सुरू होणारं कापड

गेल्या जुलैत, ऑकलंडच्या ऐन थंडीत, एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या हातात घडी घातलेलं जाड कापड ठेवलं आणि मी ते परत त्यांच्याकडे सरकवत म्हणाले, "नको, नको. एवढं कशाला?" आपल्याकडे म्हणतात तसंच. एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. समोरच्याने आग्रह करायचा, हात धरायचा, पिशवीत कोंबायचं. हे सगळं अंगात इतकं मुरलेलं असतं की तोंडातून "नको" कधी निघालं ते मला कळलंही नाही. त्या बाईंनी आग्रह केला नाही. त्यांचा हात तसाच पुढे राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. ओळखीच्या माणसाने रस्त्यात पाहून न पाहिल्यासारखं केलं की आपला होतो, तसा त्यांचा चेहरा झाला. मग माझी मैत्रीण मागून आली, ते कापड घेऊन तिने माझ्या काखेत दिलं आणि त्यांच्या भाषेत त्यांना काहीतरी सांगितलं. सगळं मिळून अर्धं मिनिट.

ते अर्धं मिनिट मला वर्षभर पुरलं आहे.

मैत्रीण पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांची. आम्ही दोघी एकाच रेस्ट होममध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करतो, सात वर्षं झाली. रात्रपाळीत तीन-साडेतीनच्या सुमारास सगळ्या खोल्या शांत होतात, तेव्हा चहा घेताना आम्ही एकमेकींना आपापली गावं सांगत आलो. 'टोंगा' हे मी म्हणते. ती म्हणते 'तोङा'. क-ख-ग-घ म्हणताना शेवटी शाळेत आम्ही नुसतं नाकातून गुणगुणायचो तो ङ, एक वाङ्मय सोडलं तर सहसा कुठे न भेटणारा, तो तिच्या भाषेत शब्दाच्या पहिल्याच जागी ऐसपैस येऊन बसतो. त्या कापडाचं नाव ङातू. मला ते पहिल्या फटक्यात म्हणता आलं तेव्हा ती खूश झाली होती. इथल्या गोऱ्या लोकांना येत नाही म्हणाली. मी तिला कागदावर ङ काढून दाखवला, तो पोटातला टिंब वगैरे. तिने तो कागद लॉकरच्या दाराला आतून चिकटवला, अजून आहे.

ते कापड मिळालं तो प्रसंग मयताचा. गेले ते तिचे वडील. ऑकलंडच्या मांगेरे भागातल्या चर्चच्या हॉलमध्ये त्यांना ठेवलं होतं, आणि रात्रभर स्तोत्रं चालली होती. त्या जागरणाला आपो म्हणतात. वाद्य नाही, पेटी नाही. बायका एका बाजूने उचलतात, पुरुष खालच्या आवाजात खालून भर घालतात आणि हॉलचं छत वर जातं की काय असं वाटतं. मी पहाटे ड्यूटी संपवून गेले. हॉलच्या मागे पावसात ताडपत्री बांधून पुरुष मंडळी स्वयंपाकाला लागली होती. तिथे धुरात एक बाई मोठमोठी ताटं उचलत होती. केस मोकळे, तेल नाही, विंचरलेले नाहीत, आणि कंबरेपासून थेट मानेच्या वर येईल एवढी प्रचंड चटई अंगाला गुंडाळलेली. जुनी, काळपट, कडा झडलेल्या, जागोजागी फाटलेल्या. ती माझीच मैत्रीण आहे हे कळायला मला वेळ लागला. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात हिला एक धड चटई मिळू नये, असंच आधी मनात आलं.

ती चटई म्हणजे ताओवाला. मान द्यायचा असेल तिथे टोंगाचा माणूस ती कंबरेला बांधल्याशिवाय जात नाही. चर्चमध्ये, शाळेत, कचेरीत, राजाच्या पुढे. त्यांच्यात गोष्ट सांगतात की समुद्रावरून चिंध्या होऊन आलेल्या खलाशांना सरदारासमोर जायचं होतं, तर त्यांनी होडीचं चटईचं शीड कापून अंगाला गुंडाळलं. मयताला मात्र हीच चटई बोलू लागते. गेलेल्या माणसापुढे तुमची पायरी जितकी खालची, तितकी तुमची ताओवाला मोठी, भरड आणि फाटकी. मूल बापाच्या खालच्या पायरीवर. म्हणून माझ्या मैत्रिणीची जागा मागे चुलीपाशी, शवपेटीपाशी नाही. तिने जन्मात वडिलांच्या डोक्याला हात लावला नव्हता, त्यांच्या ताटातलं उष्टं खाल्लं नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले होते, आणि त्यांच्या ताटातला शेवटचा दहीभात तर लहानपणी माझ्याच वाट्याचा असायचा. तिच्याकडे पाहताना माझ्या पोटात कालवलं. तिला मात्र आपलं काही हिरावलं गेलंय असं वाटत नव्हतं. ती म्हणाली, "मी त्यांच्यासाठी जेवण रांधतेय ना."

आणि पेटीच्या उशाशी, एकावर एक अंथरलेल्या चटयांवर, मऊसूत विणीची लहानशी ताओवाला बांधून एक बाई बसल्या होत्या. वडिलांची थोरली बहीण. माझ्या मैत्रिणीची आत्या. मला कापड देणाऱ्या त्या याच.

येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्याकडे वळत होता. चटया त्यांच्यापुढे, गोधड्या त्यांच्यापुढे, ङातू त्यांच्यापुढे. लांब ङातू आणतात तेव्हा दोन्ही कडांना बायका धरून चालत येतात. पहिली बाई हॉलच्या आतल्या भिंतीला लागली तरी शेवटची अजून दाराबाहेर पावसात होती. आत्या मान किंचित हलवायच्या. कोणाला काय परत द्यायचं, कोणती चटई थडग्यात अंथरायची, कोणती कोणाच्या घरी जायची, सगळा शब्द त्यांचा. आत्याला त्यांच्याकडे मेहेकिताङा म्हणतात, आणि अशा प्रसंगी त्या फाहू असतात. फाहूच्या वर त्या दिवशी कोणी नाही. बारशाला, लग्नाला, मयताला बापाची बहीण ही भावाच्या सगळ्या घराच्या वर. मामा उलट बाजूला. मामाला म्हणतात फाएताङाता, म्हणजे शब्दशः 'पुरुष आई'. त्याच्या घरात भाचरांनी हवं ते उचलावं. आपल्याकडे आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं वाद तोडायला म्हणतात. इथे मिशांवाचूनच ती बापाच्या वरची होती.

ही काही एका घराची रीत नव्हे. साधारण दहाव्या शतकापासून टोंगावर तुई तोङा घराण्याचं राज्य होतं. सामोआ, फिजीपर्यंत त्यांचा दबदबा पोचला होता, आणि त्यांच्या राजांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या दगडी समाध्या लापाहाला आजही उभ्या आहेत. पण त्या राजाच्याही वर त्याची बहीण, तुई तोङा फेफिने. ती इतकी वरची की देशातला कोणी पुरुष तिच्या तोलाचा नाही, म्हणून तिचं लग्न फिजीकडून आलेल्या घराण्यात लावत. आणि तिच्या पोटी आलेली मुलगी, तमाहा, ती तर सगळ्यांच्या वर. खुद्द राजाला तिच्यापुढे वाकावं लागे. बहिणीचा हा मान भावाने रोज पाळायचा असतो. मैत्रीण वयात आली त्यानंतर तिचा सख्खा भाऊ तिच्यासोबत एका खोलीत बसून टीव्ही बघत नव्हता. ती आत आली की तो उठून जायचा. मी तिला भाऊबीज समजावून सांगायचा प्रयत्न केला होता एकदा. पाट, रांगोळी, ओवाळणी, भाऊ समोर बसतो. ती ऐकून अवघडली. समोरासमोर? एवढ्या जवळ? मान द्यायचा तर अंतर नको का?

दफनाच्या वेळीही पाऊस होता. माझ्या पर्समध्ये छत्री होती, पण आजूबाजूला एकही छत्री उघडली नव्हती, म्हणून मीही भिजत उभी राहिले. नंतर मैत्रिणीने सांगितलं, बरं झालं. तिच्या घरात टोंगाच्या राणी सालोतेचा फोटो आहे. अठराव्या वर्षी, १९१८ साली गादीवर आली आणि १९६५ साली जाईपर्यंत राज्य केलं; सहा फुटांहून उंच बाई, स्वतः गाणी रचायची, नाच बसवायची. २ जून १९५३ ला लंडनमध्ये एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला तेव्हा धो धो पाऊस लागला. मिरवणुकीतल्या बाकीच्या घोडागाड्यांची छपरं वर ओढली गेली. सालोतेने आपल्या गाडीचं छप्पर उघडंच ठेवलं, आणि हसत, हात हलवत, भिजत ती सबंध रस्ताभर गेली. लंडनच्या लोकांना ती दिलदार, हौशी वाटली, त्यांनी तिला डोक्यावर घेतलं. तिच्या देशातल्या लोकांनी ते वेगळं वाचलं. ज्याचा मान करायला आलो त्याच्यापुढे आपण आडोसा घ्यायचा नसतो.

मैत्रिणीचे वडील तरुणपणी ऑकलंडला एका कारखान्यात होते. १९७० च्या दशकात इथे पहाटे पोलीस घरात शिरायचे, अंथरुणातल्या माणसाला उठवून कागद मागायचे. व्हिसाची मुदत उलटलेले बाकीच्या देशांचेही लोक होते, पण दारं वाजायची ती पॅसिफिक बेटांवरून आलेल्यांची. वडील त्या दिवसांबद्दल कधीच बोलले नाहीत. पहाटे दारावर कोणी जोरात थाप मारली की उठून बूट घालून बसायचे, एवढं तिला आठवतं. १ ऑगस्ट २०२१ ला न्यूझीलंड सरकारने त्याची जाहीर माफी मागितली. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न खाली बसल्या, सामोआच्या रीतीप्रमाणे त्यांच्या डोक्यावरून चटई पांघरली गेली आणि मग समाजाच्या माणसांनी ती उचलली. वडील तेव्हा टोंगाला परतलेले होते. त्यांनी फोनवर ते पाहिलं आणि मुलीला एकच विचारलं, चटई चांगली होती का?

त्यानंतर साडेपाच महिन्यांनी तो फोनच बंद पडला. १५ जानेवारी २०२२, शनिवार. हुंगा तोङा–हुंगा हाआपाई या ज्वालामुखीचा समुद्रात स्फोट झाला, लाटा आल्या, वरून राख पडली, आणि देशाला जगाशी जोडणारी समुद्रातली केबल तुटली. मैत्रीण त्या रात्री कामावर होती. एका आजोबांना कूस बदलून देता देता ती खिशातला फोन चाचपत होती. लागत नव्हता. पुढचे कित्येक दिवस लागला नाही. विमानातून काढलेले फोटो आले, तर हिरवी बेटं राखाडी झालेली, आणि ती स्क्रीनवर दोन बोटं ताणून ताणून आपलं छप्पर शोधत होती. तिच्या वडिलांचा निरोप पाचव्या दिवशी कोणाच्या तरी सॅटेलाइट फोनवरून आला. केबल जोडायला पाच आठवडे लागले. आताता बेटावरचं गाव वाहून गेलं. मांगोच्या लोकांना आपलं बेट सोडून दुसरीकडे वस्ती करावी लागली. इकडे माउंट स्मार्ट स्टेडियमवर कंटेनर लागले आणि माणसं निळे ड्रम भरून आणू लागली: पाणी, तांदूळ, बिस्किटं, डबाबंद मांस, ड्रमवर मार्करने घराण्याचं नाव. मी त्या काळात तिच्या काही पाळ्या केल्या. दहा-बारा असतील. त्याचा मी हिशोब ठेवला नव्हता.

तिने ठेवला होता. म्हणजे पैशाचा नव्हे. तिने आत्यांना सांगितलं होतं.

दफन झाल्यावर दोन दिवसांनी ती रात्रपाळीला माझ्याशेजारी बसली आणि मी विचारलं, त्या रागावल्या का? ती म्हणाली, "नाही. पण तू गेल्यावर त्यांनी मला विचारलं, हिचं आपल्याशी काही बिनसलंय का?" मग तिने मला 'वा' हा शब्द सांगितला. दोन माणसांमधली जागा. ही जागा कोणाच्या मनात नसते, ती दोघांच्या मध्ये असते, अंगणासारखी. आणि ती झाडून-सारवून ठेवावी लागते, ताउही वा. त्यासाठीच चटया, त्यासाठीच कापड, त्यासाठीच डुकरं आणि सुरणासारखे मोठमोठे कंद. दिलेलं घेणं हेही त्या सारवण्यातलंच काम. मी "नको" म्हणाले तेव्हा माझ्या लेखी ते नम्रपणाचं होतं. आत्यांच्या बाजूने पाहिलं तर मी अंगण अर्धवट सोडून उठले होते.

हे सगळं ऐकायला सुंदर आहे, पण त्याचं ओझंही मी पाहिलं आहे. त्या मयताच्या खर्चासाठी मैत्रिणीच्या भावाने कर्ज काढलं. दरवर्षी चर्चला द्यायच्या मिसिनालेच्या वेळी ती सलग जादा पाळ्या घेते, डोळे सुजलेले असतात. टोंगात जेमतेम लाखभर माणसं राहतात. न्यूझीलंडमध्येच २०१८ च्या जनगणनेत टोंगाचे ब्याऐंशी हजारांवर लोक होते, ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतले वेगळे, आणि यांच्या पाठवलेल्या पैशांवर तिथली निम्मीअधिक घरं तग धरून आहेत. मला लग्नासाठी जमीन गहाण टाकणारे आपल्याकडचे बाप आठवतात. मी तिला हे म्हणालेही. ती म्हणाली, "दमते मी. पण दिलं नाही तर मी कोणाची?" यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि तिला ते हवंही नव्हतं.

ङातू घरी आणून मी कपाटावर ठेवलं. महिनाभर उघडलं नाही. त्याचा वास मात्र खोलीभर. ओल्या सालीचा, थोडा धुराचा, पावसाळ्यात लाकडाच्या वखारीत येतो तसा. एका रविवारी उघडलं, तर दिवाणखान्यात मावेना; पलंग सरकवून, एक टोक पॅसेजमध्ये नेऊन अंथरलं. हातात घेतलं तर कागद वाटतो आणि दुमडलं तर कापड. तांबूस तपकिरी रंग, त्यावर काळ्या रेघा हाताने पक्क्या केलेल्या, आणि बारकाईने बघितलं की एक रेघ जिथे संपते तिथे दुसऱ्या हाताची सुरू होते हे कळतं. एकीचा हात जड, एकीचा चालता. मैत्रिणीने सांगितलं ते असं. हिआपो नावाच्या झाडाची साल सोलायची, बाहेरची खरबरीत काढून टाकायची, आतली भिजवायची आणि लांब लाकडी ठोकळ्यावर ठेवून चौकोनी मोगरीने ठोकायची. चार बोटं रुंद पट्टी ठोकून ठोकून हातभर रुंद होते. गावात दुपारभर हा ठोक ठोक आवाज, एका घरातून थांबला की दुसऱ्या घरातून. मग गावच्या बायका जमतात, पट्ट्या एकीला एक लावून दोन थर करतात, एक थर आडवा, एक उभा, आणि मध्ये अर्धवट शिजवलेल्या कंदाची खळ. खाली नक्षीचे साचे बांधलेले असतात, कुपेसी. वरून कोका झाडाच्या सालीच्या रंगाने घासलं की नक्षी वर उमटते. हे एकट्या बाईला जमतच नाही. ऑकलंडच्या हवेत हिआपो नीट येत नाही, म्हणून इथल्या काही बायका कॉलरला लावतात त्या बकरमसारख्या कापडावर तीच नक्षी करतात. आत्यांनी मला दिलेलं अस्सल सालीचं होतं. टोंगावरून आलेलं. बायकांनी केलेल्या या वस्तूंना कोलोआ म्हणतात, म्हणजे संपत्ती.

कोलोआ हा शब्द ऐकला आणि मी जमिनीचं विचारलं. आत्यांच्या नावावर काही आहे का? ती माझ्याकडे बघत राहिली. टोंगाचं जमिनीचं प्रकरण तसं अभिमानाचं आहे. पॅसिफिकमधली बेटामागून बेटं परक्यांच्या ताब्यात गेली. या राज्याने १९०० साली ब्रिटनशी संरक्षणाचा तह केला खरा, पण राजा आपलाच राहिला आणि जमीन परक्याच्या हाती गेली नाही. जॉर्ज टूपू पहिला या राजाने १८३९ साली वावाउ बेटावर मूठभर माती आभाळाकडे धरून देश देवाच्या स्वाधीन केला, असं सांगतात. १८६२ साली त्याने सरदारांच्या तावडीतून रयत मोकळी केली, १८७५ साली राज्यघटना दिली. जमीन विकायची नाही, कोणीच नाही. आणि सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक पुरुषाला सव्वाआठ एकर शेत आणि गावात घरापुरती जागा. कायद्याने तरी. आता तेवढी जमीन उरलेली नाही हा भाग वेगळा. पण पुरुषाला. बाई ती भाड्याने घेऊ शकते, विधवेला हयातीपुरती वहिवाट मिळते, वारसा मुलाकडे जातो. जिच्यापुढे अख्खा हॉल वाकला तिच्या नावावर एक वाफा नाही. मी तसं म्हणाले. मैत्रीण म्हणाली, "जमीन भावाची, आणि भाऊ तिचा."

मला ते पटलं नाही. पटलं नाही याचं कारण माझ्या आत्याचं आहे.

माझी आत्या गुहागरकडची. आज एक्क्याऐंशी वर्षांची. माझं नाव तिने ठेवलं, माझ्या कानात कुर्र केलं, आणि त्यावेळी तिच्या पाठीत बसलेले धपाटे ती अजून सांगते. आजोबा १९९८ साली गेले. मुलींना मुलांच्या बरोबरीचा हिस्सा देणारा कायदा आपल्या राज्यात त्याआधी चार वर्षं आला होता; गावात त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. तलाठ्याने वारस नोंदीत आत्याचं नाव घातलं, म्हणून मग हक्कसोडपत्र. मी कॉलेजात होते, सोबत म्हणून गेले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत लाकडी बाक, भिंतीला पान थुंकल्याचे डाग, आणि आत्या ठेवणीतली निळी साडी नेसून आलेली, जशी काही लग्नाला आली होती. ती सातवी शिकलेली. तिने सही केली, सावकाश, शेवटच्या अक्षरावरची रेघ नीट ओढून घेतली. वडील बाहेर आल्यावर तिला हॉटेलात घेऊन गेले, भजी मागवली, आणि पिशवीतून साडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. ती म्हणाली, "नको हो दादा, एवढं कशाला?" वडिलांनी आग्रह केला. तिने घेतली. माझे वडील वाईट नव्हते. दर मेमध्ये आंब्याची पहिली पेटी तिच्याकडे जायची, ते जाईपर्यंत गेली.

ते गेल्यावर पेटी जायची थांबली. २०१९ साली आम्ही वाडी विकली, मी आणि माझा भाऊ. माझा वाटा माझ्या खात्यात आला. ऑकलंडच्या घराच्या हप्त्यात तो गेला. ज्या जमिनीवरून आत्याने आपलं नाव पुसलं त्याच जमिनीचे पैसे मी, तिच्या भावाची मुलगी, कायद्याने मुलीचा हक्क म्हणून घेतले. तिला कोणी विचारलं नाही. कळवलंही नाही. तिला ते बाजारात कोणाकडून तरी कळलं. मी तेव्हा स्वतःची समजूत घातली होती की फोनवर काय सांगायचं, पुढच्या खेपेला गेलो की बोलू. पुढच्या खेपेलाही बोलले नाही.

शनिवारी सकाळी मी ओटाराच्या बाजारात जाते. तिथे टोंगाच्या बायका अळूच्या जुड्या बांधून विकायला बसतात. कंद वेगळे, पानं वेगळी. पानांत नारळाचं घट्ट दूध, कांदा, मांस घालून, पुडी बांधून ती तापलेल्या दगडांच्या भट्टीत ठेवतात, त्याला लू म्हणतात. मी त्याच पानांची अळूवडी करते, चिंच जरा जास्त घालते, खाजरी असतात. मागच्या महिन्यात तिथे आत्या भेटल्या. म्हणजे मैत्रिणीच्या आत्या. गर्दीत, कंबरेला साधीशी ताओवाला. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि पुढ्यातल्या बाईकडून अळूची एक जुडी घेऊन माझ्यापुढे धरली. मी दोन्ही हातांनी घेतली. "मालो," एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्या कोपराला हात लावला आणि त्या पुढे गेल्या.

त्याच रात्री गुहागरला व्हिडिओ कॉल लावला. आत्याच्या नातवाने फोन धरला होता, त्यामुळे अर्धा वेळ मला तुळईच दिसत होती. मी ङातू अंथरलं होतं आणि कॅमेरा त्यावरून फिरवला. ती वाकून वाकून पाहत होती. आयुष्यभर वाकळी शिवलेली बाई, तिने पहिला प्रश्न विचारला, "शिवण कुठे आहे गो?" शिवण नाही म्हटलं, खळीने चिकटवलंय. "सालीचं? आणि धुतात कसं?" धुवत नाहीत. "कोणी दिलं?" मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीच्या आत्याने. त्यावर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "वाडीतला तो मोठा फणस तोडला म्हणे." मी म्हटलं, "हो आत्या. आम्ही तुला सांगायला हवं होतं." फोन हलला, पुन्हा तुळई दिसली, मागे कोंबडं ओरडलं.

"किती हात आहे ते?" तिचा आवाज आला. मी कोपरापासून बोटांपर्यंत मोजायला लागले, मोठ्याने, ती तिकडून माझ्याबरोबर आकडे म्हणत होती. पॅसेजच्या टोकाला बावीसवर संपलं. मी म्हटलं, अर्धं कापून तुला पाठवते, ते असंच कापून वाटतात. "नको गो, एवढं कशाला?" म्हणाली. मी म्हटलं, घे. "नको नको, मी कुठे अंथरू?" मी पुन्हा म्हटलं, घे आत्या. मग बराच वेळ नुसता समुद्राचा वारा घुमल्यासारखा आवाज येत राहिला.

"पाठव," ती म्हणाली. "पण मधनं काप. कडेचं मला नको, कडा सुटतात."